केरूनानांचा पहिला पॉझिटिव्ह

केरूनाना गांगुर्डे माणसाचा चेहरा विसरत, पण बोट विसरत नसत. वणीच्या अलीकडच्या सात गावांत असा माणूस सापडणं कठीण होतं, ज्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेत नानांनी एकदा तरी सुई टोचली नव्हती. लग्नात कोणी हात हातात दिला, की नाना अंगठ्यानं त्याच्या चौथ्या बोटाचं टोक चाचपत आणि म्हणत, "हां, तू गेणूचा धाकटा. कातडी जाड हाय तुझी, दोनदा टोचावं लागलं होतं." मग तो माणूस हात सोडवून घेऊन पंगतीकडं निघून जायचा. नाना त्याच्या मागोमाग जाऊन शेजारीच बसायचे.

नाना आरोग्य सेवक होते. कागदावर हिवताप आणि तोंडात मलेरिया, अशा एकाच रोगामागं त्यांनी तेहतीस वर्षं घालवली. ताप आलेला माणूस दिसला की त्याच्या बोटातून रक्त काढायचं, ते काचपट्टीवर घ्यायचं, फॉर्म भरायचा. उरलेल्या वेळात लोकांच्या घरात शिरून रांजण, पिंप, टाक्या यांत डासांच्या अळ्या शोधायच्या, सापडल्या की पाणी ओतून द्यायचं आणि घरच्या बाईची बोलणी खायची. नाना दोन्ही कामं सारख्याच चेहऱ्यानं करत. शिव्या ऐकताना आणि चहा पिताना त्यांच्या चेहऱ्यात फरक नसे, त्यामुळं पुष्कळ बायकांनी शिव्या देणं सोडून दिलं.

त्यांचं काम जिथं संपायचं तिथं माझं सुरू व्हायचं. मी अंजली, आरोग्य केंद्रातली प्रयोगशाळा तंत्रज्ञ. मला लोकांशी बोलण्याचा कंटाळा आहे, रक्ताशी बोलावं लागत नाही, म्हणून मी ही नोकरी धरली. नानांनी आणलेल्या काचपट्ट्या रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचा जंतू शोधायचा. दर बुधवारी नाना पट्ट्यांचा डबा टेबलावर ठेवून बाहेरच्या बाकावर बसायचे. संध्याकाळी विचारायचे, "काय निघालं?"

"निगेटिव्ह, नाना."

"समदे?"

"सगळे."

"बरं," असं म्हणून ते सायकलवर टांग मारायचे. सोळा वर्षं आमचं एवढंच बोलणं होतं. त्या 'बरं'मध्ये सरकारी कर्मचाऱ्याला शोभेल इतका आनंद असायचा, त्याहून कणभरही जास्त नाही.

खरं सांगायचं तर नानांना एक पॉझिटिव्ह हवा होता. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. पण एकवीस हजारांहून जास्त बोटं टोचून ज्याच्या नावावर एकही रुग्ण नाही, त्या माणसाला काहीतरी वाटणारच. सुरगाण्याकडच्या त्यांच्या मित्राला, फकिराला, एका पावसाळ्यात अकरा सापडले होते. फकिरा भेटला की नाना त्याची चौकशी करायचे, त्या अकरा जणांचीही करायचे. मी नोकरीला लागायच्या आधी नानांची एक पट्टी पॉझिटिव्ह आली होती म्हणे. वरच्या प्रयोगशाळेनं फेरतपासणी केली, तेव्हा तो रंगाचा डाग निघाला.

निवृत्तीच्या कार्यक्रमात डॉक्टरसाहेब भाषणात म्हणाले, "केरूनानांमुळं आपल्या भागात मलेरिया नाही." टाळ्या झाल्या. शाल घेऊन नाना उठले आणि म्हणाले, "साहेब, नाय असं म्हणू नका. घावला नाय असं म्हणा." मग ते खाली बसले. तेहतीस वर्षांच्या नोकरीवर त्यांचं हेच भाषण.

निवृत्तीनंतर नाना मोहखोऱ्यात आपल्या घरी राहू लागले. घरात त्यांचं फारसं चालत नसे, कारण घर चांगुणानानींचं होतं आणि अंगण नानींच्या कोंबड्यांचं. नानी नांदगावकडच्या. लग्नात त्यांच्या आईनं पाटीत अंड्यांवर बसायला आलेली एक खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी घालून दिली होती, आणि नानी ती पाटी मांडीवर घेऊन एसटीनं सासरी आल्या. आजच्या सगळ्या कोंबड्या त्या अंड्यांच्या वंशातल्या. मध्यंतरी नानींची आई गेली, भाऊ गेला, नांदगावचं घर विकलं गेलं. "माझं माहेर आता या खुराड्यात हाय," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्या थट्टेनं म्हणाल्या असं समजून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गेल्या वर्षी आषाढात त्यांचा मुलगा योगेश, जो अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहे, वीस नवी पाखरं घेऊन आला. सुधारित जात, पांढरी, भरदार, जास्त अंडी देणारी. "आई, तुझ्या त्या हडकुळ्या कोंबड्या महिन्याला किती अंडी देतात? या बघ," तो म्हणाला. नानींनी बघितलं. खुराड्याला लागून त्यांच्यासाठी वेगळा जाळीचा कप्पा केला आणि नव्या पाखरांनाही वेळेवर दाणा घातला, कारण मुलानं आणली होती.

श्रावणाच्या शेवटी नव्या पाखरांतलं एक मेलं. मग दोन, मग एका दिवसात तीन. आधी तुरा पांढरा पडायचा, पाखरू पंख पाडून कोपऱ्यात बसायचं, हिरवट घाण टाकायचं आणि मान टाकायचं. नानींच्या जुन्या चौदा कोंबड्या मात्र शेजारीच दाणे टिपत होत्या, त्यांना काही झालं नव्हतं.

गावात बर्ड फ्लूचं नाव निघायला वेळ लागला नाही. शेजारचा गेणू सगळ्यांत आधी बोलला. त्याच्याकडं चाळीस कोंबड्या होत्या आणि भीती त्याहून मोठी होती. "सरकार आलं तर किलोमीटरभरातलं एक पाखरू ठेवणार नाय. त्याआधी तुमची समदी पुरून टाका," तो म्हणाला. पशुधन पर्यवेक्षक नवनाथ आला, त्यानं रीतीप्रमाणं मेलेल्या पाखरांचे नमुने घेतले, खुराड्यातलं पाखरू बाहेर जाऊ द्यायचं नाही अशी ताकीद दिली आणि अहवालाला पाच दिवस लागतील म्हणाला. नानी त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या आणि एवढंच विचारलं, "जुन्या पण?" नवनाथ चांगला माणूस आहे. त्यानं खोटं सांगितलं नाही. "रिपोर्ट वाईट आला तर जुन्या पण," तो म्हणाला.

नानांना मेलेल्या पाखरांचं वाईट वाटत होतं की नाही, चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. पण एका आजारी पाखराच्या पंखाखाली हात घातल्यावर त्यांना ते जास्तच गरम लागलं. ताप दिसला की चोवीस तासांत रक्तनमुना घ्यायचा, हा नियम नानांच्या अंगात इतका मुरला होता की त्यांनी ट्रंकेतून सुई आणि काचपट्टी काढली. पाखराला अनामिका नसते. नानांनी थोडा विचार केला आणि तुऱ्याला टोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खिडकीशी उभे. "मॅडम, एक पट्टी हाय. सवडीनं बघा." सोबत फॉर्म होता, जुना, पिवळा पडलेला, पण एकही रकाना रिकामा नव्हता. नाव: पांढरी, क्रमांक सात. वय: साडेचार महिने. लिंग: स्त्री. ताप किती दिवस: दोन. गेल्या महिन्यात बाहेरगावी जाऊन आला आहे काय: अंबडहून आली, परत गेली नाही. गरोदर आहे काय: अजून अंड्यावर नाही.

मी वय तेवढं बघितलं आणि मला वाटलं कोणाचं तरी तान्हं बाळ आहे आणि नानांना आता नीट दिसत नाही. मी फॉर्म बाजूला ठेवला, पट्टी रंगवली आणि भिंगाखाली घातली. माणसाची तांबडी पेशी गोल असते आणि मधे काही नसतं. इथं एकूण एक पेशी लांबट, आणि प्रत्येकीच्या पोटात जांभळा ठिपका. शंभर टक्के पेशींत जंतू असलेला रुग्ण जिवंत असूच शकत नाही. मी धावत बाहेर आले.

"नाना, हे बाळ कुठंय?"

"खुराड्यात."

"म्हणजे?"

"मॅडम, फॉर्म वाचा की."

मी फॉर्म परत वाचला, या वेळी डोकं जागेवर ठेवून. मग मी नानांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. बर्ड फ्लूचा संशय असलेल्या पाखराचं रक्त त्यांनी माणसांच्या दवाखान्यात आणलं होतं! नानांनी सगळं ऐकून घेतलं. "हातमोजे घातले होते. दोन-दोन घातले होते. तोंडाला फडकं होतं," ते म्हणाले. "आता रक्त निघालंच हाय बाहेर तर बघा तरी."

तो ठिपका जंतू नव्हता. पाखरांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, हे मी बारावीला शिकले होते आणि नोकरीत विसरले होते. पण आता शांतपणे बघितल्यावर काही पेशींत त्या ठिपक्याशेजारी आणखी काहीतरी दिसलं. बारीक कडी, कुठं फुगलेला गोळा, त्यात तपकिरी कण, आणि त्यानं पेशीचं केंद्रक एका बाजूला ढकललेलं. माणसाच्या मलेरियात बघायला शिकवलेलं हेच सगळं, फक्त दुसऱ्याच्या घरात.

स्नेहल माझी कॉलेजची मैत्रीण. ती आता नाशिकला पशुवैद्यक आहे. तिला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला. "हा पाखरांचा मलेरिया. त्यांचा जंतू वेगळा, माणसाला होत नाही. डास एका पाखराला चावतो, जंतू डासाच्या पोटात आठ-दहा दिवस वाढतो, मग त्याच्या लाळेत येतो. पुढच्या पाखराला चावला की गेला आत. फ्लूची तपासणी होऊच दे, पण त्या कोंबड्या बहुतेक यानंच मरतायत." मग ती म्हणाली, "मलेरिया डासामुळं पसरतो याचा पक्का पुरावा पहिल्यांदा पाखरांवरच मिळाला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्याच देशात."

मी बाहेर जाऊन नानांना सांगितलं, "पॉझिटिव्ह."

नाना बाकावरून उठले. परत बसले. माझ्याकडून तेच दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "रंगाचा डाग नाय ना?"

"नाही."

"बरं." हा 'बरं' वेगळा होता, मी सोळा वर्षांत ऐकला नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्टही मी त्यांना सांगितली. त्यावर त्यांनी विचारलं, "मग आम्ही इतकी वर्षं माणसांमागंच काय फिरत होतो?"

पाचव्या दिवशी नवनाथचा अहवाल आला, बर्ड फ्लू नाही. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. नानांनी मात्र गावाला तसं सोडलं नाही. आरोग्य खात्याचा जुना तक्ता त्यांच्याकडं होता: एका बाजूला खाटेवर आजारी माणूस, दुसऱ्या बाजूला निरोगी माणूस, मधे मोठा डास, आणि बाण. नानांनी कॅलेंडरमधून कोंबड्यांची चित्रं कापली, दोन्ही माणसांवर चिकटवली आणि तक्ता मारुतीच्या पारावर टांगला. खाट तशीच राहिली. अंगावर चादर घेऊन खाटेवर निजलेली कोंबडी बघायला शेजारच्या गावातूनही लोक आले. नाना छडीनं एकेक बाण दाखवत, "आजारी पाखरू. डास चावला. दहा दिवस. निरोगी पाखरू. डास चावला," असं सांगत होते. लोकांना हसू का येत होतं, हे नानांना कळलं नाही.

स्नेहलनं दिलेल्या औषधानं मरतुक थांबली. वीसपैकी बारा गेली, आठ वाचली. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नानांनी आणखी एक नियम पाळला. रुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. नानांनी जुन्या चौदाही कोंबड्यांचे तुरे टोचले आणि चौदा पट्ट्या, चौदा फॉर्म घेऊन आले.

मी जेवणाच्या सुट्टीत त्या बघत होते, तीन दिवस लागले. अकरा स्वच्छ. दोन कोंबड्या आणि म्हातारा कोंबडा, यांच्या रक्तात जंतू होता. अगदी विरळ, दोनशे वेळा काच सरकवली तेव्हा एक दिसायचा. स्नेहल म्हणाली, "असंच असतं. गावठी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या हा जंतू बाळगून असते, तिला काही होत नाही. बाहेरच्या रक्ताचं पाखरू शेजारी ठेवलं की मधला डास काम करतो."

मी हे नानांना सांगितलं, आणि नानांनी घरी जाऊन जसंच्या तसं नानींना सांगितलं, वर जमेल तेवढ्या आनंदानं. "एकदम तीन! म्हातारा पण पॉझिटिव्ह!" नानी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांच्या वाचलेल्या कोंबड्यांनाच नवरा गुन्हेगार ठरवून आला होता, हे त्यांना एका क्षणात कळलं. नानांना ते कळायला दोन दिवस लागले, योगेशचा फोन येईपर्यंत.

"मग साधं आहे," योगेश म्हणाला. "सोर्स काढून टाकायचा. जुन्या सगळ्या काढू, मी रविवारी येतो. चार महिन्यांनी नवीन क्लीन बॅच भरू." गेणूचंही तेच म्हणणं पडलं. त्याच्या चाळीस कोंबड्यांना शेजारी रोगी नको होते. तक्ता बघितलेल्या सगळ्या गावाला आता आजारी पाखरू म्हणजे कोणतं, हे नानांच्या कृपेनं पाठ होतं.

नानींनी नानांशी बोलणं बंद केलं. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, पण शब्द नाही. कोंबड्यांशी मात्र बोलायच्या. नाना शुक्रवारी माझ्याकडं आले, बाकावर बसले, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "मॅडम, तेहतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाय की रुग्ण सापडला तर रुग्ण मारा."

"मग काय करायचं असतं, नाना?"

"डास कुठं होतो ते शोधायचं असतं."

"शोधलं?"

"समदं गाव पालथं घातलं. गेणूचं पिंप ओतलं, शाळेची टाकी ओतली, देवळामागची डबकी बुजवली. डास तसाच हाय. माझ्या घरी तर जास्तच."

"तुमचं घर तपासलं?"

तेहतीस वर्षं दर महिन्याला सात गावांतली सगळी घरं तपासणारा माणूस स्वतःच्या घराची तपासणी कशी करणार? नियमातच नव्हतं. त्यांच्या घराला तपासायला दुसरा आरोग्य सेवक कधी आला नव्हता, कारण तिथं आरोग्य सेवक राहतो हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी मी अर्धा दिवस रजा टाकून मोहखोऱ्यात गेले. मला ही असली धावपळ आवडत नाही, पण नानींचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. घरातला रांजण झाकलेला, पिंप कोरडं, संडासाच्या टाकीच्या पाइपाला जाळी घट्ट बांधलेली. कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं घासून पालथं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मागं खुराड्याला लागून सिमेंटचा छातीएवढा हौद होता, त्यावर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'गप्पी मासे पैदास केंद्र. पाण्यात हात घालू नये.'

डासांच्या अळ्या खाणारे ते मासे नाना वर्षानुवर्षं या हौदात वाढवत आणि गावोगावच्या विहिरींत सोडत. मी हौदाजवळून पुढं गेले. नानाही गेले. गप्पीच्या हौदात अळ्या नसतात, हे मलेरियाच्या खात्यात काम केलेल्या कोणालाही झोपेत विचारलं तरी सांगेल. अंगणाच्या टोकाला गेल्यावर मी सहज विचारलं, "आता मासे कोणाला देता?"

"मासे नव्या सेवकानं नेले. मी रिटायर झालो तवा. शेवटची बादली भरून दिली."

आम्ही दोघंही वळलो. नानांनी पळी आणली, हौदाच्या कडेला बुडवली आणि वर काढली. पळीत पाणी कमी आणि अळ्या जास्त होत्या. वळवळत होत्या. दोन वर्षं पाणी तसंच राहू दिलं होतं, कारण हौद सरकारी होता आणि रिकामा करायचा आदेश नव्हता. पाटी वाचून गावातल्या कोणी त्यात हात घातला नव्हता. जाळीच्या कप्प्यातली पांढरी पाखरं त्याच्यापासून चार हातांवर झोपत होती.

नाना अळ्या मोजत होते. सवयीनं. छत्तिसाला थांबले, पळी तशीच हातात धरून हौदाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "बारा पाखरं मी मारली." त्यांचा आवाज एरवीसारखाच होता.

मी म्हटलं, "नाना, रविवारी योगेशला सांगा."

"सांगितलं तर गाव काय म्हणंल?"

हा प्रश्न मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हता. या माणसाला लोकांचं काही वाटत नाही, असं मी सोळा वर्षं समजत होते. त्यांना एकच गोष्ट कमावता आली होती, ती म्हणजे केरूनानाच्या गावात डास होत नाही हा लौकिक. डॉक्टरसाहेबांनी भाषणात सांगितला तोच. तो ठेवायचा असेल तर गप्प राहून हौद उपसला की झालं, दोष म्हाताऱ्या कोंबड्याच्या तुऱ्यावर जाणार होता. नानी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं, मला माहीत नाही. त्या आत गेल्या.

रविवारी मी परत गेले. जायचं काही कारण नव्हतं, तरी गेले. योगेश मोटरसायकलवरून आला होता, सोबत दोन रिकाम्या गोण्या. गेणू कुंपणाशी. नानी ओट्यावर बसलेल्या, म्हाताऱ्या कोंबड्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरून. डोळे कोरडे होते, पण कोंबड्याला त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की तो बिचारा चोच उघडी टाकून बसला होता. "आई, दे," योगेश मऊ आवाजात म्हणाला. "मलाही बरं वाटत नाहीये. पण तीच तर आजारी आहेत."

नाना घरातून बाहेर आले. अंगात इस्त्रीचा खाकी सदरा होता, खिशाला पेन. हातात कागद. तो डास सापडलेल्या घरमालकाला द्यायच्या नोटिशीचा जुना छापील नमुना होता. नाना अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"श्री. केरू जयराम गांगुर्डे, राहणार मोहखोरे, यांस. आपल्या घरी केलेल्या पाहणीत खालील ठिकाणी डासांच्या अळ्या आढळल्या. ठिकाण: गप्पी माशांचा हौद. मासे: नाहीत. एका पळीत अळ्या: छत्तीस, पुढं मोजल्या नाहीत. परिणाम: बारा पाखरं मृत. सदर पाणी तीन दिवसांत नष्ट करावे, अन्यथा आपणांवर कारवाई करण्यात येईल." खाली दोन सह्या होत्या, नोटीस देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोन्ही एकाच हाताच्या.

गेणूनं हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाना योगेशकडं वळले. "म्हाताऱ्याच्या रक्तात जंतू हाय, खरं हाय. त्याच्या बापाच्याही असंल. चाळीस वर्षं तो कुणाला लागला नाय. मी डास पाळला म्हणून लागला. गोणी घडी कर."

"नाना," योगेश हळूच म्हणाला, "गेणूकाका ऐकतायत. उद्या गावभर होईल."

"होऊ दे. पारावर मीच लावणार हाय हा कागद. तक्त्याशेजारी."

गेणू कुंपणावरून म्हणाला, "तो हौद उपसला तरी पुन्हा पावसानं भरंल, नाना."

नाना हातातल्या नोटिशीची घडी घालत राहिले. मी त्यांचा चेहरा बघितला आणि पहिल्यांदा मला तो वाचता आला. मला रडू आलं. मी मायक्रोस्कोपवाली बाई, मला असलं काही आवडत नाही, म्हणून मी खुराड्याकडं बघत उभी राहिले.

नानींनी कोंबड्याला खाली सोडलं. तो पंख झटकत, काही झालंच नाही अशा थाटात दाण्यांकडं गेला. नानी उठल्या, पदर खोचला, योगेशच्या हातातल्या दोन्ही गोण्या काढून घेतल्या आणि कुंपणाच्या कडेच्या मातीच्या ढिगाशी गेल्या. योगेशनं आणि गेणूनं बादल्यांनी हौद उपसला. नानींनी एक गोणी स्वतः भरली, ओढत हौदापर्यंत आणली आणि तिचं एक टोक नानांच्या हातात दिलं. नानांनी ती हौदात ओतायला तिरकी उचलली, माती कडेनं बाहेर सांडत होती.

"धरा नीट," चांगुणानानी म्हणाल्या, आठ दिवसांनी पहिल्यांदाच. "अर्धी बाहेर चाललीये."